परक्याच्या फोनवर

“पहिलाच आहे,” मावशी म्हणाली आणि फोन कामाच्या फळीवर पालथा ठेवला.

सून समोरच्या टेबलाशी बसून कातड्याचे तुकडे लहानमोठे वेगळे करत होती. हे काम तिनं कालही केलं होतं. मान वर न करता ती म्हणाली, “हो का.”

“हो का काय? काल पहिला, परवा पहिला, आजही पहिला. आणि ती खुर्ची बघ. काल रिकामी, परवा रिकामी, आज तिच्यावर मांजर झोपलंय.”

“उठवू का त्याला?”

“राहू दे. कुणीतरी बसलंय असं तरी वाटतं.”

ती खुर्ची गिऱ्हाइकाची. खुर्चीपुढे पाय ठेवायला बुटकं स्टूल, आणि स्टुलापुढे मावशीची बसायची फळी, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. आलेला माणूस वर बसायचा आणि मावशी त्याच्या पायाशी. ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जुळत नाहीत अशांचे बूट या दुकानात होत. कुणाचा एक पाय दोन बोटं आखूड, कुणाची टाच अपघातात गेलेली, कुणाचं पाऊल जन्मापासून आत वळलेलं. बाजारातले बूट जोडीनं मिळतात, कारण पायही जोडीनं असतात असं बाजाराला वाटतं. मावशीला तसं कधी वाटलं नाही. तिच्या मते कुठल्याच माणसाचे दोन पाय सारखे नसतात. काहींचं उघड्यावर येतं, इतकंच.

दुकान मुळात नवऱ्याचं. पाटीवर नाव त्याचं, पुढे बसून गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा तो, आणि मागच्या खोलीत आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन टाके घालायची ही. तीस वर्षं असं चाललं. नवरा गेल्यावर पंधरा दिवसांनी तिनं दुकान उघडलं, तर एक जुनं गिऱ्हाईक दारातच उभं राहून हळहळू लागलं की आता तसा हात पुन्हा व्हायचा नाही. मावशी मागच्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, “माणूस गेला. हात इथेच आहे. बसा, बूट काढा.” त्या दिवसापासून ती पुढे बसू लागली. गोड बोलणं मात्र नवऱ्याबरोबर गेलं ते गेलंच.

सून या घरात आली त्याला बारा वर्षं झाली. मुलगा औषधांच्या गोदामात कामाला. सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, आणि बूट म्हणजे पायात घालायची वस्तू, यापलीकडे त्याला त्यात रस नव्हता. सुनेला होता. पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, “आई, आपल्याला शोधणारी माणसं आता रस्त्यात कुणाला विचारत नाहीत. फोनला विचारतात.”

“मग फोनला आपण ठाऊक आहोत का?”

“नाही.”

“मग ओळख करून दे. माझ्याकडे काय बघतेस?”

ओळख करून देणं म्हणजे दुकानाची वेबसाइट काढणं, हे मावशीला पुढे कळलं. आणि वेबसाइट काढून भागत नाही, तिचा नंबर वर आणावा लागतो, हे त्याच्याही पुढे. बूट म्हणून कुणी विचारलं तर फोन हजार दुकानं दाखवतो. त्यात आपण तीनशेव्या ठिकाणी असलो काय आणि नसलो काय. लोक पहिली चारपाच नावं बघतात आणि फोन खिशात घालतात.

सुनेनं यावर एक युक्ती काढली. कुठल्या पुस्तकात वाचून नव्हे, दुकानात बसून. एक वही केली आणि आत येणारा माणूस पहिलं जे वाक्य बोलेल ते तसंच्या तसं तिच्यात उतरवायला लागली.

“हे काय चालवलंयस?” मावशीनं विचारलं होतं. “पोलीस वाटतेस.”

“आई, माणूस दारात आल्यावर जे पहिलं बोलतो ना, तेच त्यानं घरी बसून फोनमध्ये लिहिलेलं असतं. आपल्या वेबसाइटवर तेच शब्द हवेत. आपले नाहीत, त्यांचे.”

मग रोज दुपारी सून वही वाचायची आणि मावशी शिवता शिवता उत्तरं द्यायची. सून ती टिपायची आणि एकेका प्रश्नाचं एकेक पान करून वेबसाइटवर लावायची.

“‘डॉक्टर म्हणाले सवय होईल, पण होत नाही.’”

“डॉक्टरांना काय, बूट त्यांच्या पायात नाही. घेऊन या, बघते.”

“असंच लिहू?”

“मग कसं लिहिणार? मी दुसरं काही बोलले का?”

“‘घरात लग्न आहे, लंगडताना दिसायला नको.’”

“लंगडणं लपवणारा बूट मी करत नाही. न दुखणारा करते.”

अशी साठसत्तर पानं झाली. मावशी शाळेत तीन वर्षं गेलेली. अक्षराला अक्षर लावून वाचायची, आकडे मात्र झरझर ओळखायची, म्हणून नंबराचं तिला बरोबर समजलं. चाळिसाव्यावरून दुकान विसाव्यावर आलं, विसाव्यावरून सातव्यावर, आणि दोन वर्षांनी पहिल्यावर. दुसऱ्या गावांहून माणसं येऊ लागली. खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणायची, “तुम्हीच ना त्या, डॉक्टरांच्या पायात नाही म्हणणाऱ्या?”

पहिला आला म्हणून सून स्वस्थ बसली नाही. पान उघडायला वेळ लागतो म्हणून फोटो लहान कर, कुणी काही लिहून गेलं तर त्याला उत्तर दे, वेळ बदलली तर त्याच दिवशी बदल. मावशी म्हणायची, हिनं शेगडीवर दूध ठेवलंय आणि ते दहा वर्षं तापतंय. हसायची, पण कौतुकानं. आणि स्वतःकडेही तिनं एक काम घेतलं होतं. सकाळी कुलूप काढलं की सर्वांत आधी फोनवर दुकान शोधायचं आणि सुनेला नंबर सांगायचा.

आणि आता चार महिने असे चालले होते की नंबर पहिला आणि खुर्चीवर मांजर.

मावशीनं यावर विचार केला. तो तिनं कुणाला सांगितला नाही, कारण विचार सरळ होता आणि सरळ तिच्याकडेच येत होता. नंबर पहिला आहे, म्हणजे लोकांना दुकान दिसतंय. दिसतंय आणि येत नाहीत, म्हणजे आधी येऊन गेलेल्यांनी काहीतरी सांगितलं असणार. म्हणजे खोट बुटात. आणि बूट कोण शिवतं?

अडुसष्टावं वर्ष लागलं होतं. सून बाहेर गेली की मावशी कपाटातून एक जुना बूट काढायची, वीस वर्षांपूर्वी शिवलेला, कुणी न्यायलाच न आलेला. तो नव्याशेजारी ठेवून भिंगातून टाके मोजायची. जुन्यात इंचाला आठ. नव्यात इंचाला आठ. तरी समाधान व्हायचं नाही. डोळे मिटून दोन्हींवरून बोट फिरवायची आणि जुना तिला जास्त गुळगुळीत लागायचा. वीस वर्षांत कुठलंही कातडं गुळगुळीत होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण संशय आला की माणूस आपलंच ज्ञान विसरतो.

त्यातच जुनं गिऱ्हाईक असलेले एक निवृत्त मास्तर बूट परत घेऊन आले. “डावा जरा चावतो, मावशी.” नवा बूट चावतो म्हणून माणसं पूर्वीही परत यायची. मावशी दोनदा ठोकून द्यायची आणि वर चार शब्द सुनवायची. या वेळी तिनं बूट मुकाट्यानं ठेवून घेतला. मास्तर घाबरले. “तब्येत बरी आहे ना?” त्यांनी सुनेला दारात हळूच विचारलं.

सोमवारी जेवताना मावशीनं सांगून टाकलं.

“फर्मे पुलाजवळच्या कारागिराला देऊन टाकू. त्याच्या उपयोगी पडतील.”

फर्मे म्हणजे पायाच्या आकाराचे लाकडी साचे. त्यांच्यावरच बूट चढतो. दुकानाच्या भिंतीवर ते दोनशेच्या वर होते, एकेका गिऱ्हाइकाचा एकेक जोड.

सुनेचा घास हातातच राहिला. “का?”

“दुकान बंद करायचंय म्हणून.”

“का पण?”

“हात गेला.”

“कुणाचा?”

“तुझ्या सासऱ्यांचा तर मागेच गेला. मग कुणाचा राहिला?”

“काहीतरीच काय आई. कोण म्हणालं?”

“कुणी म्हणायला आत तर यायला हवं. जेव.”

सून जेवली नाही. मावशी जेवली, कारण अन्नावर राग काढणं तिला पसंत नव्हतं.

दुपारी दोघी फर्मे उतरवायला लागल्या. सून शिडीवर, मावशी खाली, मध्ये पोतं. मावशी प्रत्येक फर्मा हातात घेऊन त्याला ओळख द्यायची. या लाकडावर अंगठ्याच्या मुळाशी कातड्याचे तीन थर चिकटवलेले होते, तर तो स्टेशनवर हमाली करणारा. हा एका बाजूनं तासलेला, तर ती गाणं शिकवणारी बाई, तिचा उजवा पाय पोरवयात ट्रकखाली गेला होता. हा जोड ज्याचा, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी त्याचा पाय इथे टांगलेला.

“हा तर आपलं पान वाचून आलेल्या पहिल्या—” सून शिडीवरून म्हणाली आणि थांबली. हातातला फर्मा घेऊन खाली उतरली, मांजराला उचलून जमिनीवर ठेवलं आणि त्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली. दुकानातलं कुणी त्या खुर्चीवर कधी बसत नसे.

“काय गं? पाय दुखतोय?”

“आई, चपला घाला. बाहेर जायचंय.”

“कुठे?”

“समोर. बसच्या थांब्यावर.”

“मला कुठे पाठवून देतेस का काय?”

“चला तर.”

थांब्यावर एक बाई पायाशी भाजीची पिशवी ठेवून फोन बघत उभी होती. सून तिच्याजवळ गेली. “ताई, दोन मिनिटं तुमच्या फोनवर एक शोधून द्याल? आमचा फोन आम्हाला खरं सांगत नाही.”

बाईनं फोन छातीशी धरला.

“घेऊन पळणार नाही हो,” मावशी म्हणाली. काय चाललंय ते तिलाही कळलं नव्हतं, पण सुनेकडे कुणी चोर म्हणून बघावं हे तिला चालणारं नव्हतं. “आणि पळाले तरी त्या खांबापर्यंतच पळेन.”

बाई हसली. “सांगा, काय लिहू?”

“एक पाय आखूड, बूट,” सून म्हणाली.

मावशी बाईच्या खांद्याशी उभी राहून बघू लागली. सर्वांत वर कुठल्यातरी कारखान्याचा बूट होता, सगळ्या जगाला एकच. त्याखाली बुटात घालायचे रबरी तळवे. मग मोजे. मग एक दवाखाना. मग गुडघ्याचा पट्टा.

“खाली घ्या,” मावशी म्हणाली. “अजून. अजून जरा.”

“काय शोधताय, आजी?”

“आम्हालाच.”

पहिलं पान संपलं, दुसरं संपलं, तिसरं संपलं. बाईची बस लांबून दिसायला लागली तेव्हा चौथ्या पानावर सुनेनं बोट ठेवलं. “हे.” मावशी अक्षर लावू लागली. अ-स्थि-व्यं-ग-ग्र-स्तां-क-रि-ता मा-पा-नु-रू-प. बस आली. बाईनं पिशवी उचलली, “सापडाल हो,” म्हणाली आणि चढून गेली. मावशीचं वाचन अर्ध्यातच राहिलं.

“हे कुणाचं दुकान?” तिनं विचारलं.

“आपलंच.”

“आपण असले शब्द विकतो?”

सून थांब्याच्या बाकावर बसली. “अडतिसाव्यावर आहोत आई. चार महिने झाले. तुमचा फोन तुम्हाला ओळखतो. रोज उघडता, दुकानात बसूनच उघडता, म्हणून तो तुम्हाला आपलंच नाव आधी दाखवतो. परक्याच्या फोनवर आपण नसतो.”

“म्हणजे तोंडावर गोड बोलतो.”

“हो.”

“आणि तू?”

सुनेनं मान खाली घातली. मग सगळं निघालं. ती वेबसाइटचं काम नीट शिकावं म्हणून फोनवरच्या एका वर्गाला बसली होती. पन्नासेक जण होते. शिकवणाऱ्यानं एके दिवशी कसं लिहू नये म्हणून एक पान सगळ्यांना दाखवलं. ते मावशीचं पान होतं. ‘डॉक्टरांना काय, बूट त्यांच्या पायात नाही.’ पन्नास जण हसले. सून कॅमेरा बंद करून बसली. ते पान आपलं आहे असं ती म्हणाली नाही. दोन दिवसांत तिनं साठसत्तर पानं काढून टाकली आणि त्यांच्या जागी शुद्ध भाषेत सहा पानं लिहिली. नंबर घसरला. शिकवणारा म्हणाला, सहा महिने धीर धरा.

“तुम्हाला कुणी हसलेलं मला चाललं नाही,” ती म्हणाली. “आणि तुम्ही रोज सकाळी इतक्या हौसेनं सांगायचात, पहिलाच आहे म्हणून. मी कशी सांगू?”

मावशी वळली. रस्ता ओलांडला, दुकानात गेली, फळीवर बसली, मास्तरांचा बूट मांडीवर घेतला. टाक्यांवरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं, सावकाश, सबंध बुटाभोवती.

“चार महिने,” ती म्हणाली, “मी माझाच बूट चोरासारखी बघत होते. तू बाहेर गेलीस की कपाट उघडायची. टाके मोजायची. मला वाटलं हात गेला. तू इथे, तीन हातांवर बसून बघत होतीस.”

“मला ठाऊक नव्हतं आई, तुम्ही दोष हाताला देताय ते. आज जेवताना कळलं.”

“आज कळलं म्हणून आज सांगितलंस, एवढं तुझं बरं. हसले म्हणे. माझ्यासमोर माणसं मोजे काढतात. ज्या पायाला बायकोनं हात लावला नाही तो पाय माझ्या हातात देतात. मी कुणाच्या हसण्याला भिऊ? तो कोण पन्नासांना शिकवणारा, त्याचे पाय बघितलेत का मी? एक तरी वाकडा असेल.”

सुनेला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही.

“रडू नकोस. रडायची पाळी माझी होती, ती मी फुकट घालवली. फर्मे परत टांग आणि ती वही आण.”

वही होती, म्हणजे लोकांचे प्रश्न होते. उत्तरं काढून टाकलेल्या पानांबरोबर गेली होती. ती पुन्हा द्यावी लागणार होती. पुढचे पंधरा दिवस दुपारी तेच चाललं. काही उत्तरं सुनेला पाठ होती.

“‘घरात लग्न आहे, लंगडताना दिसायला नको.’ तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, लंगडणं लपवणारा बूट मी करत नाही.”

मावशी दोरा ओढता ओढता थांबली. “असं म्हणाले होते?”

“हो.”

“उद्धट होते.”

“मग काढू?”

“काढू नकोस, तसंच लिही. त्याच्यापुढे घाल, पण लग्नाच्या दिवसापुरता करून देईन.”

“आणि हे नवीन. मागच्या वर्षी एक मुलगी आली होती ना, दहा मिनिटं बूटच काढेना. ‘तुम्ही हसणार नाही ना?’”

“लिही. इथे कुणी हसत नाही. मांजर आहे, तेही झोपलेलं असतं.”

पानं लागली. पण नंबर आपल्याला वाटतं म्हणून वर येत नाही, सून म्हणाली, वाट बघावी लागते. वाट बघणं मावशीला जमत नसे, चौकशी करणं जमायचं. दर तीनचार दिवसांनी ती थांब्यावर जाऊन कुणातरी अनोळखी माणसाला फोन मागायची. काहीजण उठून दुसऱ्या बाकावर बसायचे. एका कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, आजी, कुठल्या कंपनीच्या तुम्ही. एका गृहस्थानं तिला ऐकू येत नाही असं समजून प्रत्येक नाव ओरडून वाचून दाखवलं, आणि सगळ्या थांब्याला गुडघ्याच्या पट्ट्याची माहिती झाली. अडतीसचे एकतीस झाले, एकतीसचे चोवीस. एकोणिसाव्यावर दुकान तीन आठवडे अडून बसलं.

त्यात नवीनच अडचण निघाली. भाजीच्या पिशवीवाली बाई रोजच्या बसची. ती आपणहून फोन काढून ठेवायची. पण तिच्याकडे दुकान तिसऱ्यावर दिसायला लागलं आणि सुनेनं सांगितलं की इतक्यांदा शोधल्यावर त्या फोनलाही आपली सवय झाली.

“तुमचा नको,” मावशीनं तिला सांगितलं. “तुमचा आता घरातला झाला. घरातले खरं सांगत नाहीत.”

सून शेजारीच उभी होती. ऐकून घेतलं. गेल्या महिन्यात अशी वाक्यं तिनं बरीच ऐकून घेतली होती. मावशी रागावली की ओरडून मोकळी व्हायची, पण हा राग तिनं चिल्लर नाण्यांसारखा सुटा सुटा खर्च केला. आणि तरी रोज दुपारी सुनेच्या ताटात वाढताना शेवटची वाटी तिच्याकडे सरकवणं तिनं एक दिवसही चुकवलं नाही.

मग एका मंगळवारी, अगदी नवख्या माणसाच्या फोनवर, दुकान नवव्यावर आलं. आणि तिथेच राहिलं. पुढचे पाच आठवडे सून काय काय करत होती, नंबर हलला नाही. वर तो कारखाना होता, रबरी तळवे होते. त्यांच्याकडे हे काम करायला माणसं ठेवलेली, इथे एकटी सून.

“पहिला नाही यायचा बहुतेक आता,” सून म्हणाली. हे तिनं लगेच सांगितलं, सकाळी कळलं ते सकाळीच.

“नववा म्हणजे पहिल्याच पानावर ना?”

“हो. खालून दुसरा.”

“मग झालं. पायाशीच बसायची सवय आहे मला.”

माणसं येऊ लागली. पूर्वीसारखी रीघ नव्हती. आठवड्याला तीन, कधी चार. एक टपाल वाटणारा आला, पन्नाशीचा, डाव्या पायाचं हाड मोडून वाकडं जुळलेलं. दारात उभा राहिला, खुर्चीकडे बघितलं, आणि म्हणाला, “इथे हसत नाहीत असं वाचलं.”

सुनेनं वहीकडे हात नेला आणि मग मागे घेतला. हे वाक्य त्यांच्याकडूनच गेलेलं होतं.

“मांजर उठवून बसा,” मावशी म्हणाली. “चालता किती दिवसाचं?”

“नऊदहा मैल.”

“या बुटात?”

“हो.”

“आणि सरकारला पाय दिसत नाही. काढा.”

तिनं त्याचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं आणि बराच वेळ नुसतं धरून ठेवलं. माप ती असंच घ्यायची, फीत नंतर. त्या माणसानं पहिल्यांदा छताकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग हळूहळू खांदे खाली सोडले.

त्याचा बूट व्हायला आठ दिवस लागले. पूर्वी पाचात झाला असता. जाड कातड्यातून आरी पलीकडे न्यायला मावशीला आता दोनदा दाबावं लागत होतं. सून ते बघत होती. बघत नाही असं दाखवत नव्हती.

आठव्या दिवशी उन्हं समोरच्या भिंतीवर आली होती. मावशीनं शेवटचा टाका ओढला, गाठ मारली, बूट फर्म्यावरून उतरवला, पुसला आणि सुनेपुढे धरला.

“बघ.”

सून उठली. बूट घेऊन खिडकीशी गेली, उजेडात फिरवला. तळ, टाच, मग शिलाई, सबंध कडेनं. मावशी फळीवर बसून राहिली. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. सुनेनं बूट दुसऱ्यांदा फिरवला. टपालवाल्याच्या ते लक्षात आलं नसतं. मास्तरांच्याही नाही.

“टाचेकडचे शेवटचे तीन वाकडे आहेत, आई.”

मावशीनं हात पुढे केला. सुनेनं बूट तिच्या हातात दिला. मावशीनं चष्मा डोळ्यांवर नीट बसवला, कातडं कापायच्या रापीच्या टोकानं ते तीन टाके एकेक करून उसवले, जुना दोरा ओढून बाजूला टाकला, नव्या दोऱ्याला मेण लावलं आणि पहिल्या भोकापासून सुरुवात केली.